वेग एक, वाटा दोन

मंडळी, माझा नातू इथल्या हायस्कुलात बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्ही खेळतो. पळतो वाऱ्यासारखा. परवा विचारतो, "आजोबा, पुढे कुठला खेळ धरू?" क्रिकेटवर वाढलेला मी काय सांगणार! म्हणून थोडी माहिती काढली.

बेसबॉलमध्ये नुसता वेग पुरत नाही, चेंडू ओळखावा लागतो. त्यामुळे निवड झाली तरी बहुतेकांची काही वर्षे मायनर लीगमध्ये, तुटपुंज्या पगारावर जातात. फुटबॉलमध्ये कॉलेजातून थेट वरच्या संघात. कायलर मरीला २०१८ साली ओकलंडच्या बेसबॉल संघाने निवडले, ४६ लाखांहून अधिक डॉलर कबूल केले. त्याने फुटबॉल धरला. २०१९ च्या निवडीत तो पहिला आला आणि करार झाला सुमारे साडेतीन कोटींचा!

पण बो जॅक्सनही आठवावा. तो दोन्ही खेळांत चमकला. जानेवारी १९९१ मध्ये फुटबॉलच्या एका सामन्यात त्याचा खुबा दुखावला आणि तो खेळ कायमचा सुटला. १९९३ साली कृत्रिम खुब्यावर तो पुन्हा खेळला, तो बेसबॉल.

नातवाला म्हटले, "बाळा, फुटबॉल लवकर देतो, पण शरीर तारण ठेवून. बेसबॉल वाट पाहायला लावतो. ठरव तूच."

मनातून मी बेसबॉलच्या बाजूचा. हल्ली खुबा माझाही दुखतो!