जुन्या जीपच्या पुढच्या चाकाचा आवाज ओळखा



अंबाजोगाईच्या आसपास अजूनही काही घरी जुनी जीप टिकून आहे. मोंढ्यात माल न्यायचा, बाजारला माणसं न्यायची, आणि रात्री-अपरात्री कुणाचं दुखलं-खुपलं तर स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठायचं, ते याच गाडीतून. तिच्या पुढच्या चाकात घरघर सुरू झाली की आपण म्हणतो, "जुनी गाडी, आवाज व्हायचाच." इथंच चुकतं. झिजलेलं बेअरिंग वेळेवर बदललं तर थोडक्यात भागतं. तसंच दामटलं तर ते तापून जाम होतं, आसाची बैठक खराब होते आणि प्रसंगी चाक निखळतं. घाटाच्या उतारावर भरल्या गाडीचं असं झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

आत काय असतं?

बैलगाडीचं वंगण सुकलं की चाक करकरतं, तसंच हे आहे. जीपच्या पुढच्या हबमध्ये निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगं असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. त्यांत ग्रीस असतं, मागे ऑइल सील असतं. सील फाटून ओढ्याचं पाणी किंवा माती आत गेली, ग्रीस आटलं किंवा नट वाजवीपेक्षा जास्त आवळला, की रोलर घासतात आणि त्यांवर खड्डे पडतात.

आवाजावरून अंदाज

१) वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर : बेअरिंगचा संशय घ्या. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गिअर न्यूट्रल करा, इंजिन मात्र चालू ठेवा. तरीही घरघर राहिली तर दोष इंजिनात नाही. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर आधी उजवं चाक तपासा.

२) रस्ता बदलला की बदलणारा आवाज : बहुधा टायर वेडावाकडा झिजलेला असतो.

३) फक्त खड्ड्यात खडखड : पाट्यांचे बुश, यू-बोल्ट आणि शॉकअब्सॉर्बर पाहा.

४) ब्रेक दाबताच खरखर : लायनर संपलेले असू शकतात.

हाताने तपासणी

गाडी सपाट, कडक जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. आपल्या काळ्या रानात जॅक खचतो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवा. चाक उचललं की आसाखाली मजबूत ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.

आता चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलेपणा गेला तर बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर किंगपिन किंवा तिथला सांधा झिजला आहे. ही खूण पक्की ध्यानात ठेवा, नाहीतर एकाच्या जागी दुसरंच बदललं जातं. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवलं आणि ढिलं लागलं, तर टाय रॉडचे सांधे पाहा.

मग ब्रेक सोडून चाक हाताने फिरवा. दुसरा हात पाट्यावर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर हाताला कंप जाणवतो. पंधरा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही हबजवळ हात नेऊन पाहा. एक बाजू फार तापलेली असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, यांपैकी एक दोष आहे. थेट हात लावू नका, भाजेल.

दुरुस्ती करताना

बेअरिंग रॉकेलमध्ये धुवा, पुसून कोरडं करा. रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर ते टाकून द्या. नवं घालताना त्याची बाहेरची कडीही बदला. जुन्या कडीत नवे रोलर टिकत नाहीत. सीलही नवं घ्या. ग्रीस रोलरांच्या फटींत तळहाताने दाबून भरा. नुसतं वरून माखून उपयोग नाही.

नट आवळताना चाक फिरवत राहा. चाक जड झालं की नट थोडा मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हललंही नाही पाहिजे. नेमकं माप गाडीच्या पुस्तिकेत असतं. नटाला पिन असेल तर दरवेळी नवी घाला. जुनी पिन तुटली तर नट सुटतो आणि चाक जातं.

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांतही बहुधा अशीच बेअरिंगं असतात. ऊस वाहतूक सुरू होण्याआधी तीही तपासा. अलीकडच्या बऱ्याच मोटारींत मात्र बेअरिंग बंद डबीसारखं असतं. त्यात ग्रीस भरता येत नाही, ते अख्खंच बदलावं लागतं.

लक्षात ठेवा

ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली, हब बुडाले, तर लवकरच ग्रीस पाहून घ्या. घरघर ऐकू आली तर पुढच्या बाजाराची वाट पाहू नका. आणि चाक हलत असेल तर त्या गाडीत माणसं बसवू नका.