पूलचा टवका : बुजवायचा की राहू द्यायचा?

फिनिक्समध्ये घर घेतले की मागच्या अंगणात पूल बऱ्याचदा आयताच मिळतो. (नदीवरचा नव्हे, पोहायचा!) पहिली दोन वर्षे कौतुकात जातात. मग कधीतरी पायरीवर रुपयाएवढा टवका उडालेला दिसतो, तळाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात, आणि पाहायला आलेला कंत्राटदार मान हलवून सांगतो, "सगळेच प्लास्टर नवे करावे लागेल." आकडा हजारो डॉलर्सचा. त्या पैशांत चौघांची भारतवारी बसवलेली असते! मंडळी, अशा वेळी त्याच दिवशी सही करू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे प्लास्टर म्हणजे आपला गिलावाच. पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी. जाडी जेमतेम अर्धा इंच. त्यामागे लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीटचे कवच असते आणि पूलची खरी ताकद त्या कवचात असते. म्हणून टवका केवढा हे नंतर पाहावे. आधी खोट गिलाव्यात आहे की कवचात, ते पाहावे.

केसासारख्या बारीक, जाळीदार रेघा बहुधा वरवरच्या असतात. त्या सोडून द्या. लांब, सरळ जाणारा तडा मात्र वेगळा. तो वरच्या टाइलमधून काठापर्यंत गेला असेल तर जास्तच. त्याच्या दोन्ही टोकांना साध्या शिसपेन्सिलीने खूण करा (पाण्याखालीही उमटते) आणि काही महिन्यांनी तो पुढे सरकला का पाहा.

पाणी झिरपते आहे का, हे बादलीने कळते. बादली पूलच्या पाण्याने भरून वरच्या पायरीवर ठेवा आणि आतल्या व बाहेरच्या पातळीला खूण करा. आपोआप पाणी भरणारा नळ आधी बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळे मुसळ केरात! चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील, तर पाणी आपल्या इथल्या उन्हाने नेले. पूलची पातळी बरीच जास्त उतरली, तर गळती आहे आणि ती शोधायलाच हवी.

आता टवका. आपण माठ घेताना टिचकी मारतो ना, तसे लाकडी दांड्याने टवक्याभोवती हलकेच ठोकून पाहा. आवाज भरीव आला आणि कड बोचत नसेल, तर राहू द्या. पोकळ आला तर गिलावा कवचापासून सुटला आहे आणि टवका वाढत जाणार. तेवढा भाग छिनून बुजवून घ्यावा. मुलांच्या पायाला लागणारी कड असेल तरीही. तसेच गंजाचा डाग एकाच जागी पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर आतली सळी पृष्ठभागाजवळ असू शकते. ते टाळू नये. लहान टवका पाणी न उपसताही बुजवता येतो. त्यासाठी तयार मसाला मिळतो. तो कणकेसारखा मळून दाबायचा, हातमोजे घालून. मात्र ठिगळ जुन्या रंगाशी जुळणार नाही, हे घरातल्या हौशी मंडळींना आधीच सांगून ठेवा! पण दहा-पंधरा ठिकाणी पोकळ वाजत असेल आणि प्लास्टरही दहा वर्षांच्या पुढचे असेल, तर ठिगळांवर पैसे घालवू नका. तिथे कंत्राटदाराचे बरोबर आहे.

पृष्ठभाग सगळीकडेच खरखरीत झाला असेल तर दोष बहुधा पाण्याचा. आम्ल जास्त झाले की पाणी सिमेंट खाते. पीएच ७.२ ते ७.८ आणि कॅल्शियम २०० ते ४०० पीपीएम राखल्याशिवाय केलेली डागडुजी टिकत नाही. स्पामध्ये पाणी थोडे आणि गरम, त्यामुळे हे गणित फार लवकर बिघडते. तिथे तपासणी अधिक वेळा करा.

पूल रिकामा करायचाच असेल तर उन्हाळ्यात मुळीच नको. ११० अंश फॅरनहाइटच्या उन्हात उघडा पडलेला चांगला गिलावाही तडकतो. थंडीच्या महिन्यांतली तारीख घ्या, आणि पूल रिकामा असतानाही कुंपणाचे फाटक लावलेलेच ठेवा.