शत्रूच्या घरचा शोक

इ. स. पूर्व ४७२ च्या वसंत ऋतूत ग्रीस देशातील अथेन्स नगरीत डायोनायसस देवाचा उत्सव भरला होता. अॅक्रॉपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर हजारो नागरिक उघड्या आकाशाखाली नाटक पाहावयास दाटीवाटीने बसले होते. या उत्सवात दरवर्षी नाटकांची चढाओढ होत असे. त्या वर्षी एस्किलस नावाच्या कवीने ‘पर्शियन लोक’ हे शोकनाट्य रंगभूमीवर आणले. आज संपूर्ण उपलब्ध असलेल्या ग्रीक शोकनाट्यांत हेच सर्वांत जुने मानले जाते.

नाटकाचा विषय प्रेक्षकांना परका नव्हता. आठच वर्षांपूर्वी पर्शियाचा, म्हणजे इराणचा, बादशहा झर्क्सीस अफाट सेना घेऊन ग्रीसवर चालून आला होता. त्याने अथेन्स जाळले, देवळे उद्ध्वस्त केली. पुढे सॅलॅमिस बेटाजवळच्या चिंचोळ्या समुद्रात ग्रीक आरमाराने त्याच्या आरमाराचा धुव्वा उडवला. प्रेक्षकांपैकी कित्येकांनी त्या लढाईत वल्ही मारली होती. खुद्द एस्किलस इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर पर्शियनांशी लढला होता. त्याच लढाईत त्याचा भाऊ शत्रूचे जहाज हाताने धरून ठेवताना कुऱ्हाडीच्या घावाने मारला गेला.

अशा कवीच्या नाटकात स्वकीय वीरांचे गुणगान असावे आणि शत्रूची यथेच्छ टवाळी असावी, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार. परंतु हे नाटक घडते शत्रूच्या राजधानीत, सूसा नगरात. वृद्ध सरदार रणभूमीवरील वार्तेची वाट पाहत आहेत. बादशहाची आई वाईट स्वप्नाने अस्वस्थ झाली आहे. अथेन्स आहे तरी कोठे, तेथील लोकांचा धनी कोण, असे ती विचारते. ते कोणाचेही दास नाहीत, असे तिला उत्तर मिळते. हे ऐकून प्रेक्षकांची छाती खचित फुगली असेल! इतक्यात जासूद येतो आणि सर्वनाशाची बातमी सांगतो. पडलेल्या पर्शियन वीरांची नावे तो एकामागून एक घेतो. संपूर्ण नाटकात एकाही ग्रीक वीराचे नाव मात्र येत नाही. शेवटी फाटक्या वस्त्रांनिशी झर्क्सीस परत येतो आणि सारे मिळून आक्रोश करतात.

त्या काळी स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच मुखवटे घालून करीत. गाणारा वृंदही अथेन्सच्याच नागरिकांचा असे. म्हणजे ज्यांची घरे शत्रूने जाळली, तेच लोक शत्रूचे मुखवटे लावून त्याच्या मुलांसाठी शोक करीत होते.

यापूर्वी फ्रिनिकस नावाच्या कवीने मिलेटस या ग्रीक शहराच्या पाडावावर नाटक केले होते. मिलेटस हे अथेन्सच्या आप्तांचे शहर. ते नाटक पाहून सारे प्रेक्षक रडले. आणि घरच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल अथेन्सने त्या कवीला एक हजार द्राख्म दंड केला! एस्किलसला मात्र शत्रूचे दुःख दाखवूनही पहिले बक्षीस मिळाले. नाटकाचा खर्च पेरिक्लिस या तरुणाने सोसला होता. पुढे तोच अथेन्सचा थोर पुढारी झाला. प्रेक्षकांतील काहींना शत्रूचे रडणे पाहून मनातून आनंदही झाला असेल. माणसाचे मन असेच असते. तरीही आनंद मानण्यापूर्वी शत्रूलाही आई असते, हे त्यांना पाहावेच लागले.

या नाटकाचा चटका अजून गेलेला नाही. १९९१ साली अमेरिका व इराक यांच्यात युद्ध झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी पीटर सेलर्स या अमेरिकन दिग्दर्शकाने हे नाटक इराकच्या बाजूने घडते असे दाखवून रंगभूमीवर आणले. अमेरिकेतील प्रयोगांना काही प्रेक्षक मधूनच उठून गेले. बाकीचे शेवटपर्यंत बसून राहिले.