'आम्ही' की 'आपण'?

मराठी नव्याने शिकणाऱ्या हिंदीभाषी गृहस्थाची पहिली अडचण बहुधा 'आम्ही' आणि 'आपण' या दोन शब्दांपाशी येते. 'आम्ही उद्या नाटकाला जाणार आहोत' हे वाक्य ऐकून तो उत्साहाने तयार होऊन बसतो आणि मग त्याच्या ध्यानात येते, की हे निमंत्रण नव्हते, नुसती वार्ता होती. निमंत्रण असते तर बोलणारा 'आपण' म्हणाला असता. 'आम्ही' म्हणजे बोलणारा व त्याचे लोक. ऐकणारा त्यात नाही. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासह सारे. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असा हाच भेद आहे. तमिळ व तेलुगू या भाषांतही तो आहे. हिंदीचे 'हम' आणि इंग्रजीचे 'वुई' यांना मात्र तो ठाऊक नाही. रशियन भाषेलाही नाही. गंमत अशी, की 'आम्ही' या अर्थाचा जो रशियन शब्द आहे, तो मराठी कानाला जवळजवळ 'मी' असा ऐकू येतो.

हा योगायोग माझ्या मनात घर करून राहिला आहे, कारण याच एका शब्दाचे शीर्षक असलेली एक रशियन कादंबरी आहे आणि 'आम्ही'मधून 'मी' वेगळा काढताना माणसाचे काय होते, हाच तिचा विषय आहे. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच अडून बसण्याची खोड असते. त्या शीर्षकाचे मराठी करायचे झाले, तर 'आम्ही' म्हणावे की 'आपण'?

कादंबरीचा लेखक येवगेनी झाम्यातिन. जन्म १८८४ मध्ये, लेबेद्यान या रशियातील लहान गावी. शिक्षण जहाजबांधणीचे. तारुण्यात तो क्रांतिकारकांच्या पक्षात होता आणि १९०५ च्या उठावात त्याला तुरुंगवासही घडला. १९१६ साली रशियन सरकारसाठी बर्फफोडी जहाजे बांधून घेण्याकरिता तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे गेला. कामात तो चोख होता; त्याच्या देखरेखीखाली झालेल्या एका जहाजाला पुढे लेनिनचे नाव मिळाले. तेथील सभ्य, घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या कुटुंबांवर त्याने एक उपहासकथा लिहिली. तीत एक पाद्री आहे. त्याने आयुष्यातील प्रत्येक गोष्टीची वेळ ठरवून कोष्टके केली आहेत; पश्चात्तापालाही त्याच्या कोष्टकात जागा आहे. झाम्यातिनच्या कादंबरीत केवळ रशियातील नव्या राजवटीवरील टीका पाहणाऱ्यांनी हा पाद्री ध्यानात ठेवावा. एका साच्यातून माणसे काढण्याची हौस कोणत्याही एका देशाची वा पक्षाची मिरास नव्हे, हे या इंजिनिअराने क्रांतीपूर्वीच पाहून ठेवले होते.

१९२० व १९२१ या दोन वर्षांत त्याने ही कादंबरी लिहिली. मायदेशी ती छापली गेली नाही. प्रथम ती प्रसिद्ध झाली १९२४ साली न्यूयॉर्क येथे, तीही इंग्रजी भाषांतररूपाने. १९२९ मध्ये झाम्यातिनवर चोहीकडून टीकेचा भडिमार झाला. १९३१ मध्ये त्याने स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची अनुमती मागितली. गॉर्कीने रदबदली केली आणि अनुमती मिळाली. १९३७ साली पॅरिसमध्ये तो निवर्तला. मूळ रशियन संहिता संपूर्ण स्वरूपात छापली गेली १९५२ साली, पुन्हा न्यूयॉर्कलाच. आणि सोव्हिएत भूमीवर ती प्रसिद्ध व्हायला १९८८ साल उजाडले. ज्याचे पुस्तक त्याच्या स्वतःच्या भाषेत यायच्या आधी परभाषेत येते, त्या लेखकाविषयी भाषांतरकाराला विशेष ममत्व वाटले, तर वाचकांनी क्षमा करावी.

आता कादंबरीतील जग. हे 'एकराज्य' काचेचे आहे. घरांच्या भिंती, जमीन, छत, सारे काचेचे. शेजारी काय करतो ते सर्वांना दिसावे म्हणून. माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. पुरुषांना व्यंजन आणि विषम संख्या, स्त्रियांना स्वर आणि सम संख्या. सर्वांचा गणवेश एकच, निळसर करडा. सकाळी सात वाजता लक्षावधी माणसे एकाच क्षणी उठतात, एकाच क्षणी चमचा तोंडाशी नेतात आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावतात. दिवसातील केवळ दोन तास ज्याचे त्याला मोकळे असतात, आणि तेवढाही दोष का राहावा म्हणून गणिती हळहळतात. प्रीतीलाही गुलाबी चिठ्ठी लागते. ती दाखविल्यावरच काचेच्या खोलीचे पडदे सोडता येतात. प्राचीनांचे कोणते वाङ्मय या लोकांना सर्वश्रेष्ठ वाटत असावे? आगगाड्यांचे वेळापत्रक! आपल्याकडील कोणत्याही जंक्शनवर रात्र काढलेल्या प्रवाशाला या विनोदाची खुमारी अधिक कळेल.

या राज्यात छळ फारसा दिसत नाही. लोक सुखी आहेत, निदान तसे म्हणतात. कथानायक डी-५०३ हाही सुखी आहे. तो 'इंटिग्रल' नावाच्या आकाशयानाचा प्रमुख रचनाकार. परग्रहांवरील अडाणी जीवांना एकराज्याचे सुख कळावे, या हेतूने तो रोजनिशी लिहावयास घेतो आणि तिला नाव देतो 'आम्ही'. स्तुतिस्तोत्र लिहावयास बसलेल्या या माणसाचे सारे बिनसते ते नेमके लिहिण्यामुळेच. अर्पणपत्रिका झाली, राज्याचे वर्णन झाले. पण पुढे रोज काही लिहायचे, तर जे दिसले, जे वाटले, ते लिहावे लागते. आणि वाटते ते एकट्यालाच. शाळेत असताना ऋण एकाचे वर्गमूळ शिकविले, तेव्हा तो रडला होता. ती संख्या कोठेच बसत नाही, तिला माझ्यातून काढून टाका, म्हणाला होता. ती आठवण आता पानावर उतरते. स्वतःचे केसाळ हात त्याला लाजवितात. गुळगुळीत, सारख्या माणसांत ते हात कोणा रानटी पूर्वजाची खूण वाटतात. पुढे तो वैद्याकडे जातो. वैद्य गंभीरपणे निदान करतो, की तुझ्यात आत्मा उत्पन्न झालेला दिसतो. आरशावरून सारे परावर्तित होते; पण आरसा मऊ पडला, तर गोष्टी आत शिरतात आणि आतच राहतात, असे त्या रोगाचे स्वरूप. रोग कठीण आहे. पण असा रोगी तो एकटाच नाही.

हा आरसा मऊ पाडणारी स्त्री म्हणजे आय-३३०. एका व्याख्यानात प्राचीन संगीताचा नमुना म्हणून ती जुन्या काळचा काळा पोषाख घालून पियानो वाजविते. श्रोते हसतात, डी-५०३ ला हसता येत नाही. इंग्रजी वाचकाला तिच्या अक्षरातच 'मी' दिसतो. रशियन वाचकाला तसा तो दिसत नाही, तेव्हा त्याचे श्रेय लेखकाला किती द्यावे, हे मी ठरवीत नाही. ती बंडखोर आहे, धीट आहे, सिगारेट ओढते, मद्य पिते. एकराज्यात दरवर्षी 'एकमताचा दिवस' साजरा होतो. त्या दिवशी 'उपकारकर्त्या'ची पुन्हा निवड होते व विरोधी मत कोणाचे, असा औपचारिक प्रश्न विचारला जातो. यंदा त्या प्रश्नासरशी हजारो हात वर होतात, आणि त्यांत आय-३३० चा हात असतो. दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र शांतपणे छापते, की उपकारकर्त्याची अठ्ठेचाळीसाव्या वेळी एकमताने निवड झाली. ते विरोधी हात जणू वर झालेच नव्हते.

अशा उफराट्या आदर्शराज्यांच्या कथा पुढे पुष्कळ झाल्या. ऑल्डस हक्स्लेची कादंबरी १९३२ सालची. तीत बर्नार्ड मार्क्स नावाचा एक ठेंगणा गृहस्थ आहे. बाटलीत वाढताना त्याच्या द्रवात चुकून मद्यार्क पडला असावा, अशी कुजबूज आहे. तो चारचौघांपेक्षा वेगळा म्हणून आपण त्याच्या बाजूचे होतो. पण लोकांनी त्याला जवळ करताच त्याचे वेगळेपण विरघळून जाते. त्याला वेगळे व्हावयाचेच नव्हते, त्याला आत घ्यावे एवढेच हवे होते. हक्स्लेचे हे निरीक्षण मला त्याच्या साऱ्या यंत्रकल्पनांहून मोलाचे वाटते. गर्दीतून उठून दिसणे ही एक गोष्ट आणि स्वतःचे असे काही असणे ही दुसरी.

जॉर्ज ऑर्वेलचा तर आपल्याशी निकटचा संबंध. त्याचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतिहारी येथे झाला; वडील अफूच्या सरकारी खात्यात नोकरीला होते. १९४१ ते १९४३ या काळात तो बी.बी.सी.च्या पूर्व विभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करीत असे, आणि त्याने इंग्रजीत लिहिलेली वार्तापत्रे इतर भारतीय भाषांप्रमाणे मराठीतही भाषांतरित होऊन प्रक्षेपित होत. झाम्यातिनच्या कादंबरीवर त्याने १९४६ च्या जानेवारीत परीक्षण लिहिले. हक्स्लेने आपली कल्पना अंशतः याच पुस्तकावरून घेतली असावी, असा तर्कही त्याने केला; हक्स्लेने तो नाकारला. ऑर्वेलची स्वतःची प्रसिद्ध कादंबरी १९४९ ची. तिच्यातील विन्स्टन स्मिथही दैनंदिनीनेच आरंभ करतो. त्याच्या राज्याने एकटे फिरावयास जाण्यालाही संशयास्पद ठरवून त्यासाठी एक वेगळा शब्द घडविला आहे. विन्स्टन जुन्या दुकानातून पोवळ्याचा तुकडा जडविलेला एक काचेचा गोळा विकत घेतो. त्या गोळ्याचा काही उपयोग नाही, आणि म्हणूनच तो त्याला हवा आहे.

हे सारे वाचून बहुतेकांच्या मनात आय-३३० किंवा विन्स्टन राहतो. माझ्या मनात झाम्यातिनची एक दुय्यम व्यक्ती राहिली आहे, आणि टीकाकारांनी तिला दिले आहे त्याहून अधिक स्थान तिचे आहे, असे माझे मत आहे. तिचा क्रमांक ओ-९०. गोल चेहऱ्याची, गुलाबी, किंचित भोळी. मातृत्वासाठी राज्याने उंचीचे एक प्रमाण ठरवून दिले आहे. ओ-९० त्या प्रमाणाहून दहा सेंटिमीटर ठेंगणी. म्हणून तिला मूल होऊ द्यावयाचे नाही. झालेच तर शिक्षा मृत्यूची. ज्यांना अनुमती आहे त्यांची मुलेही त्यांच्यापाशी राहत नाहीत. ती राज्याच्या कारखान्यात वाढतात.

ओ-९० बंडाच्या कटात नाही. तिने राज्यशास्त्राचा विचार केलेला नाही. एकमताच्या दिवसाचे तिला भय वा कुतूहल आहे असेही दिसत नाही. तिला एक मूल हवे आहे. निदान एकदा तरी त्याला हाताने स्पर्श करता यावा, एवढेच. शिक्षा ठाऊक असून ती डी-५०३ कडून गर्भ मागून घेते. पुढे दिवस भरत येतात, काचेच्या घरात लपणे अशक्य होते. डी-५०३ तिला आय-३३० चे साहाय्य घेण्यास सुचवितो. आपल्या प्रतिस्पर्धिनीचे उपकार ती संतापाने नाकारते. आणि शेवटी, केवळ पोटातल्या जीवासाठी, तेही पत्करते.

मराठीतील 'आपण' या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे. कोणी सांगितल्यावाचून एखादे काम केले, तर आपण म्हणतो, त्याने ते 'आपण होऊन' केले. या कादंबरीत आपण होऊन वागणारी व्यक्ती पाहू गेल्यास मला प्रथम ही ठेंगणी स्त्री दिसते. डी-५०३ चा 'मी' त्याला रोगासारखा जडतो. तो त्यातून सुटण्यासाठी धडपडतो, कधी वैद्याकडे, कधी पहारेकऱ्यांकडे धाव घेतो. आय-३३० चा 'मी' एका पक्षाचा, एका 'आम्ही'विरुद्ध उभ्या राहिलेल्या दुसऱ्या 'आम्ही'चा आहे. ओ-९० ला मात्र 'मी' म्हणण्याचीही गरज पडत नाही. तिच्यापुढे दुसरा जीव आहे, आणि त्या दोघांमिळून ती बोलते. एकराज्याने लक्षावधी माणसे एका शब्दात कोंबली. पण त्यातला ऐकणारा नाहीसा केला. कोणी कोणाला 'आपण' म्हणावे, अशी दोन माणसे त्याने ठेवलीच नाहीत.

ऑर्वेलने ही कादंबरी फ्रेंच भाषांतरातून वाचली होती. इंग्रजीप्रमाणे फ्रेंचमध्येही 'आम्ही'साठी एकच सर्वनाम आहे. पण त्याला एक पुस्ती जोडून 'आम्ही, म्हणजे तुमच्याहून वेगळे' असा अर्थ काढता येतो. १९२९ मधील फ्रेंच भाषांतराला नेमके तेच शीर्षक दिले होते. म्हणजे त्या अनुवादकाच्या पुढ्यातही हाच पेच असावा आणि त्याने त्याचे उत्तर काढले. मीही तेच काढले असते. परग्रहावरील वाचकाला डी-५०३ सांगतो आहे: आम्ही असे आहोत, तुम्ही नाही, तुम्हालाही लवकरच तसे व्हावे लागेल. हा 'आम्ही'च.

परंतु शेवटच्या नोंदीपाशी माझे मन द्विधा होते. राज्याने कल्पनाशक्ती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया शोधली आहे. क्ष-किरणांनी मेंदूतला एक बिंदू जाळला, की झाले. ती डी-५०३ वर झाली आहे. तो आता निरोगी आहे. जुनी पाने चाळून त्याला नवल वाटते, की हे मी लिहिले? अक्षर तर माझेच. सारी माहिती त्याने उपकारकर्त्याला सांगून टाकली आहे. एका काचेच्या घंटेखाली हवा काढून घेऊन एका स्त्रीला छळीत आहेत; ती बोलत नाही, ती फक्त त्याच्याकडे पाहते. ती आय-३३० आहे. पण ती कोण, हे त्याला आता विशेष आठवत नाही. शहराच्या एका भागात अजून दंगल आहे, तेथे तात्पुरती विद्युत्-भिंत उभारली आहे, आणि त्याला खात्री आहे, की विजय आपलाच होणार.

'आपला' की 'आमचा'? रशियनमध्ये तेथे तोच एक शब्द आहे, जो मला 'मी' असा ऐकू येतो. मी दोन्ही लिहून पाहिले आणि दोन्ही खोडले.

त्या शेवटच्या नोंदीत ओ-९० चा उल्लेखही नाही. आय-३३० ला द्यावयाची चिठ्ठी त्याने तिच्या हाती ठेवली, त्याला काही दिवस लोटले आहेत. ती हिरव्या भिंतीपलीकडे गेली आहे. तेथे गवत आहे, केसाळ अंगाची माणसे आहेत, आणि थोड्याच दिवसांत तिला मूल होणार आहे.