ओळीवर ठेवलेले बोट

दर शनिवारी संध्याकाळी मी आमच्या वाचनालयात दोन तास बसतो. कोणाकडे कोणते पुस्तक राहिले आहे ते पाहायचे, परत आलेल्याची नोंद करायची आणि मुदत उलटलेल्यांना आठवण पाठवायची, एवढेच काम. पूर्वी हे सगळे जाड रजिस्टरात होते, आता संगणकावर आहे. पडद्यावर सुमारे ४०० ओळींचा तक्ता उघडतो. डाव्या टोकाला सभासद क्रमांक आणि नाव, मग पुस्तक, लेखक, नेल्याची तारीख, मुदत, फोन, आणि पार उजवीकडे प्रत्येक ओळीत दोन बटणे: 'परत आले' आणि 'आठवण पाठवा'.

गेल्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना आठवणीचा संदेश गेला. पुस्तक त्यांनी आठवड्यापूर्वीच परत दिले होते. आपण दिले की नाही, हेच त्यांना आठवेना. त्यांनी घरातली दोन कपाटे उपसली आणि शेवटी भर पावसात रिक्षा करून त्या वाचनालयात आल्या. चूक माझ्या हातून झाली होती. मी डावीकडे नाव वाचले, नजर उजवीकडे नेली आणि वाटेत ती एक ओळ खाली घसरली. बटण दाबले गेले ते आजींच्या ओळीतले. पडद्यावर काहीच बदलले नाही, त्यामुळे चुकीच्या ओळीत हात गेल्याचे मला कळलेच नाही.

रजिस्टर होते तेव्हा असे होत नसे. आमचे जुने ग्रंथपाल ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरत, डाव्या हाताचे बोट नावावर ठेवत आणि मगच लाल पेन्सिलीने खूण करत. हजेरी घेणारे शिक्षक, खतावणी तपासणारे मुनीम, बँकेतले कारकून, सगळ्यांची रीत हीच. संगणकाची छपाई रुंद कागदावर होत असे, तेव्हा त्या कागदावर फिकट हिरवे आणि पांढरे पट्टे आडवे छापलेले असत. तेही नजर घसरू नये म्हणूनच. आता काही वेब पानांवर बटण दाबताच त्या बटणाची ओळ रंगते, त्याला हायलाइट करणे म्हणतात. ही सजावट आहे असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते ती फूटपट्टी आहे, आणि ती नसलेला तक्ता अपुरा आहे.

हे घडते कसे, ते पाहू. वेब पान म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने एक वंशावळ असते. तक्ता म्हणजे 'टेबल', त्याच्या पोटात ओळी, म्हणजे 'टी-आर'. प्रत्येक ओळीच्या पोटात रकान्यांचे चौकोन, म्हणजे 'टी-डी', आणि शेवटच्या चौकोनात बटण. पान चालवायला तीन भाषा मिळून काम करतात. काय आहे ते एचटीएमएल सांगते, कसे दिसावे ते सीएसएस सांगते आणि काही घडले की काय करायचे ते जावास्क्रिप्ट सांगते. सीएसएसची कल्पना होकॉन विउम ली यांनी १९९४ साली मांडली. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना १९९५ साली दहा दिवसांत उभा केला. ओळ रंगवण्यासाठी लागणाऱ्या सामग्रीची सुरुवात अशी तेव्हाच झाली.

आता बटणावर क्लिक होते. ती बातमी बटणापाशी थांबत नाही. बटणाकडून चौकोनाकडे, चौकोनाकडून ओळीकडे, ओळीकडून तक्त्याकडे अशी ती वर चढत जाते. पाण्यातला बुडबुडा तळाकडून वर येतो तशी, म्हणून याला 'बबलिंग' म्हणतात. याचा फायदा मोठा आहे. ४०० ओळींच्या ८०० बटणांवर ८०० पहारेकरी बसवावे लागत नाहीत. तक्त्याच्या दारात एकच बसवला की पुरते. तो प्रत्येक क्लिकला विचारतो, 'तू कोणत्या बटणावरून आलास आणि तुझ्या वरची सर्वांत जवळची ओळ कोणती?' हा प्रश्न विचारायला जावास्क्रिप्टमध्ये 'क्लोजेस्ट' नावाची सोय आहे. बटणावर अक्षरांऐवजी छोटे चित्र असले आणि बोट नेमके त्या चित्रावर पडले, तरी ती बरोबर ओळीपर्यंत पोचवते. नंतर नवी ओळ जोडली गेली, तरी तिच्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

ओळ सापडली की जावास्क्रिप्ट तिला थेट रंग देत नाही, किंवा देऊ नये. ते फक्त एक नाव चिकटवते. त्याला 'क्लास' म्हणतात. त्या नावाच्या ओळीला फिकट पिवळी पार्श्वभूमी द्यायची, हे सीएसएसमध्ये एकदाच लिहून ठेवलेले असते. उद्या पिवळ्याऐवजी निळा हवा असेल तर एक ओळ बदलायची. या नावाला इंग्रजीच लागते असेही नाही. आमच्या पानावर त्या क्लासचे नाव 'निवडलेली' आहे, देवनागरीत, आणि सगळे आजचे ब्राउझर ते मुकाट्याने वाचतात. एका वेळी एकच ओळ रंगायला हवी असेल तर आधीच्या ओळीवरचे नाव काढून मग नव्या ओळीला लावायचे. हा क्रम विसरला की अर्धा तक्ता पिवळा होऊन बसतो.

ऐकायला सोपे वाटते, पण चुका इथेच होतात. आजींच्या प्रसंगानंतर आमचे पान सुधारताना मला चार भेटल्या.

पहिली म्हणजे एकच ओळखनाव सगळ्या ओळींना देणे. 'आयडी' पूर्ण पानात एकालाच असावा असा नियम आहे. तो मोडला की ब्राउझर शोधताना पहिला सापडेल तो उचलतो. मग कोणतेही बटण दाबा, रंगते ती पहिलीच ओळ. दुसरी चूक फसवी आहे. फॉर्मच्या आत ठेवलेल्या बटणाचा प्रकार लिहिला नाही, तर ब्राउझर ते 'सबमिट'चे, म्हणजे फॉर्म पाठवण्याचे, बटण समजतो. क्लिक केल्यावर ओळ क्षणभर उजळते, लगेच पान नव्याने उघडते आणि रंग नाहीसा होतो. बटणाला 'टाइप'मध्ये 'बटन' असे लिहिले की हे थांबते.

तिसरी चूक शोधायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. ओळीला क्लास लागत होता, सीएसएस बरोबर होते, तरी रंग दिसत नव्हता. कारण तक्त्याच्या रंगांचे सहा थर असतात. सर्वांत खाली पूर्ण तक्ता, त्यावर रकान्यांचे गट, मग रकाने, मग ओळींचे गट, मग ओळी आणि सर्वांत वर एकेक चौकोन. आमच्या तक्त्यात एकाआड एक करड्या पट्ट्या होत्या आणि तो करडा रंग चौकोनांना दिलेला होता. ओळ खाली पिवळी झालेली, पण वरच्या चौकोनांनी तिला झाकून टाकलेले. भिंतीला रंग द्यावा आणि पुढे पडदा ओढलेला असावा, तसे. पिवळा रंग ओळीऐवजी तिच्यातल्या चौकोनांना दिला आणि लगेच दिसू लागला.

चौथी चूक सर्वांत घातक, कारण ती चूक वाटतच नाही. प्रोग्रॅम लिहिणारा 'सातवी ओळ रंगव' असे लक्षात ठेवतो. मग कोणीतरी तक्ता मुदतीच्या तारखेनुसार लावतो. माणसे वरखाली होतात, पण रंग सातव्या जागेवरच राहतो, आता भलत्याच सभासदाच्या नावावर. फूटपट्टी जागेवर असते आणि खालचा कागद सरकलेला असतो. म्हणून खूण जागेला नव्हे, सभासद क्रमांकाला जोडायला हवी. प्रत्येक ओळीवर तिचा क्रमांक लिहून ठेवायचा आणि तक्ता नव्याने मांडला की त्या क्रमांकाची ओळ शोधून तिलाच रंगवायचे.

याहून अवघड प्रश्न रंगाच्या खरेपणाचा आहे. 'परत आले' दाबले, ओळ हिरवी झाली आणि त्याच क्षणी इंटरनेट गेले तर? पडदा म्हणतो नोंद झाली, पण नोंदी जिथे साठतात त्या सर्व्हरवर ती झालेलीच नाही. मी याबाबत हट्टी आहे. नुसते बटण दाबले म्हणून हिरवा रंग द्यायचा नाही. दाबताच ओळ फिकट पिवळी व्हावी, म्हणजे 'हीच ओळ धरली आहे'. सर्व्हरकडून होकार आला की मगच ती हिरवी व्हावी. होकार आला नाही तर तिथेच स्पष्ट शब्दांत तसे लिहून यावे.

आणि नुसत्या रंगावर विसंबणेही बरोबर नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे आपल्यात आहेत, पुरुषांत अधिक, कारण या रंगांधत्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मग आमची पिवळी आणि हिरवी ओळ त्यांना वेगळी दिसेलच असे नाही. दृष्टिहीन वाचक पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो, त्याला रंग मुळीच पोचत नाही. वेबच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की केवळ रंगातून माहिती देऊ नका, आणि नेहमीच्या आकाराचे अक्षर व त्याची पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक किमान ४.५ ला १ ठेवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा आपला कायदाही माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे असे म्हणतो. करायला फार लागत नाही. ओळीच्या डाव्या कडेला जाड रेघ, नावाआधी बरोबरची खूण, आणि 'नोंद झाली' असे शब्द, जे वाचून दाखवले जातील.

त्या जाड रेघेचा आणखी एक उपयोग मला नंतर कळला. ब्राउझर कागदावर छापताना सहसा पार्श्वभूमीचे रंग गाळतो. आमचे अध्यक्ष दर महिन्याला यादी छापून घेतात. त्यांच्या कागदावर रंगलेल्या ओळी साध्याच दिसत. रेघ मात्र छापली जाते.

साध्या कामाला आता जावास्क्रिप्टही लागत नाही. ओळीत टिकचा चौकोन ठेवला तर 'ज्या ओळीत टिक केलेली आहे ती रंगव' असे थेट सीएसएसमध्ये 'हॅज' वापरून लिहिता येते. डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्सनेही ते स्वीकारले, तेव्हापासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत ते चालते. माउसचा बाण नेला की ओळ उजळणे मात्र पुरेसे नाही. फोनवर बाणच नसतो, आणि आमच्या वाचनालयातल्या निम्म्या नोंदी आता फोनवरूनच होतात.

तुमच्या सोसायटीचा, पतसंस्थेचा किंवा शाळेचा असा तक्ता कोणी बनवत असेल तर त्याच्याकडे तीन गोष्टी मागून घ्या. बटण दाबताच ओळ ओळखू यावी. तक्ता उलटसुलट लावला तरी खूण त्याच माणसावर राहावी. आणि नोंद खरोखर झाल्याशिवाय 'झाली' असे दिसू नये. ज्या आजींना चुकीचा संदेश गेला, त्या अजून दर पंधरवड्याला येतात. त्यांचे पुस्तक नोंदवताना मी पडदा त्यांच्याकडे वळवतो, म्हणजे रंगलेल्या ओळीतले आपले नाव त्यांना स्वतः वाचता येते.