खिशातील पिस्तुलाची विश्वासार्हता कशावर ठरते?

चंदीगड : या शहरातील अनेकांचा दिवस तीन प्रशासनांच्या हद्दीत विभागलेला असतो. घर केंद्रशासित चंदीगडमध्ये, कचेरी पंजाबच्या मोहालीत आणि नातेवाईक हरियाणाच्या पंचकुल्यात, अशी येथील कुटुंबांची सर्वसाधारण रचना आहे. स्वसंरक्षणासाठी लहान पिस्तूल जवळ बाळगू इच्छिणाऱ्यांसमोर म्हणूनच दोन प्रश्न एकदम उभे राहतात. शस्त्र कोणते घ्यावे आणि ते घेऊन नेमके कुठपर्यंत जाता येईल?

पंजाब आणि हरियाणात परवानाप्राप्त शस्त्र बाळगण्याची परंपरा जुनी आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2016 च्या अखेरीस देशात सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्र परवाने होते. त्यांपैकी सुमारे 3 लाख 59 हजार पंजाबमध्ये आणि सुमारे 1 लाख 41 हजार हरियाणात होते. लोकसंख्येने या दोन्ही राज्यांच्या एकत्रित संख्येच्या दुपटीपेक्षा मोठ्या असलेल्या महाराष्ट्रातील परवाने मात्र 84 हजारांच्या आसपास होते. शस्त्राची निवड, हाताळणी आणि जबाबदारी यांविषयीचे प्रश्न उत्तरेत अधिक तीव्रतेने विचारले जातात, याचे कारण या आकड्यांत दिसते. मात्र त्यांची उत्तरे मुंबई-पुण्यातील परवानाधारकांनाही तितकीच लागू पडतात.

हक्क नव्हे, परवानगी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यासंबंधी दिलेल्या निकालात स्वसंरक्षणासाठी घराबाहेर शस्त्र बाळगण्याला घटनात्मक हक्क मानले. भारताच्या राज्यघटनेत असा हक्क नाही. येथे शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांच्या चौकटीत, गरज पटल्यावर दिलेली परवानगी एवढेच परवान्याचे स्वरूप आहे.

चंदीगडमध्ये जिल्हा दंडाधिकारी या नात्याने उपायुक्त हे परवाना देणारे प्राधिकारी आहेत. अर्जदाराचे वय किमान 21 वर्षे असावे लागते. पोलीस पडताळणी होते, जिवाला असलेला धोका किंवा व्यवसायाचे स्वरूप तपासले जाते आणि सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचीही अट असते. परवाना राष्ट्रीय माहितीकोशात नोंदवून त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक दिला जातो. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. बिनपरवाना पिस्तूल जवळ बाळगल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद याच दुरुस्तीने केली.

परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे, याची नोंद असते. चंदीगडच्या रहिवाशाने शस्त्राच्या किमतीआधी ही नोंद पाहणे शहाणपणाचे ठरते, कारण येथे रस्ता ओलांडला की राज्य बदलते. राज्य बदलले की स्थानिक आदेशही बदलतात. पंजाब सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये शस्त्रांच्या सार्वजनिक आणि समाजमाध्यमांवरील प्रदर्शनावर बंदी घातली आणि दिलेल्या परवान्यांचा फेरआढावा घेण्याचे आदेश दिले. याशिवाय जिल्हा दंडाधिकारी वेळोवेळी जमावबंदीच्या तरतुदींखाली शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई करतात आणि निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करून घेतली जातात. त्या काळात परवाना खिशात असला तरी शस्त्र बाहेर नेता येत नाही.

निवडीचे वर्तुळ लहान

परदेशी शिफारशी वाचून खरेदीला निघालेल्या भारतीयाची पहिली निराशा येथेच होते. खिशात मावणारी म्हणून जगभर खपणारी ग्लॉक 43 किंवा सिग सावर पी365 ही पिस्तुले 9 मिलिमीटरची आहेत. लष्कर आणि पोलीस वापरत असलेला हा बोअर भारतात प्रतिबंधित गटात मोडतो आणि सर्वसाधारण नागरी परवान्यावर तो मिळत नाही. सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयातही 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ बंद आहे.

त्यामुळे व्यवहारात प्रश्न .32 बोअरच्या शस्त्रांपुरता उरतो. त्यात तीन वाटा आहेत. पहिली सरकारी आयुध निर्माणींच्या शस्त्रांची. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन सात कंपन्या स्थापन झाल्या. लहान शस्त्रांचे काम कानपूर येथे मुख्यालय असलेल्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे आले. ‘अशनी’ हे .32 चे अर्धस्वयंचलित पिस्तूल, महिलांना डोळ्यांसमोर ठेवून 2014 मध्ये आणलेले सुमारे 500 ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणि ऑगस्ट 2023 मध्ये दाखल झालेले सुमारे 700 ग्रॅमचे ‘प्रबल’ ही यातील परिचित नावे. ‘निर्भीक’ची सुरुवातीची किंमत 1 लाख 22 हजार 360 रुपये होती. ज्या वर्गासाठी ते आणले, त्यातील बहुसंख्य महिलांना ती परवडणारी नव्हती, अशी टीका तेव्हा झाली होती.

दुसरी वाट खासगी भारतीय उत्पादकांची आहे आणि ती अलीकडेच रुंदावू लागली आहे. तिसरी वाट जुन्या आयात शस्त्रांची. वॉल्थर पीपी, पीपीके यांसारखी अनेक दशकांपूर्वी देशात आलेली पिस्तुले आजही एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे रीतसर हस्तांतरित होतात. नवी येत नसल्याने त्यांना मोठी किंमत मिळते. पण ती किंमत नावाची आणि दुर्मिळतेची असते. स्प्रिंगचा ताण गेलेला असणे, मॅगझिनच्या कडा झिजलेल्या असणे, सुटे भाग न मिळणे, हे धोके त्या किमतीत दिसत नाहीत.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

दोन्ही शस्त्रांना .32 म्हटले जात असले तरी त्यांची काडतुसे वेगळी आहेत. पिस्तुलाचे 7.65 मिलिमीटरचे आखूड काडतूस जॉन ब्राउनिंग यांच्या 1899 च्या सुमाराच्या रचनेतून आले. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि पूर्ण कडेचे असते. एकाचे काडतूस दुसऱ्यात वापरणे धोक्याचे असते.

पिस्तूल चपटे असल्याने कपड्यांखाली उठून दिसत नाही. मात्र पहिल्या गोळीनंतर रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि नवे नळीत ढकलणे हे काम यंत्रणेला स्वतः करावे लागते. पकड सैल असली, मॅगझिन कमकुवत असले किंवा खिशातील धूळ आणि धागे आत गेले, तर ही साखळी तुटते. .32 च्या पिस्तुलात आणखी एक बारकावा आहे. या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, तर पुढचे काडतूस वर सरकत नाही आणि शस्त्र ऐनवेळी बंद पडते.

रिव्हॉल्व्हरची रचना तुलनेने सोपी असते. एखादे काडतूस फुटले नाही तरी चाप पुन्हा ओढला की पुढचा कप्पा समोर येतो. अडकलेले काडतूस काढण्याचा सराव नसलेल्या व्यक्तीसाठी हा मोठा दिलासा असतो. त्याची किंमत जाडीत आणि जड चापात मोजावी लागते. चाप जड असला की नवख्याचा नेम हलतो.

आकाराचा नियम दोघांनाही सारखाच लागू होतो. शस्त्र जितके लहान आणि हलके, तितके ते लपवायला सोपे आणि नेम धरून चालवायला अवघड. आखूड मुठीवर करंगळीला जागा उरत नाही आणि नेमाच्या दोन खुणांमधले अंतर कमी झाल्याने हाताची किंचित चूकही गोळीला दूर नेते. नेम चुकलेली गोळी मोहालीच्या बाजारात किंवा सेक्टर 17 च्या चौकात कुणाला तरी लागू शकते, हे निवड करताना विसरता येत नाही.

हातातून पडले तर?

विश्वासार्हतेचा अर्थ बहुतेक खरेदीदार ‘चाप ओढल्यावर गोळी सुटलीच पाहिजे’ एवढाच घेतात. त्याचा दुसरा, तितकाच महत्त्वाचा अर्थ ‘चाप ओढला नाही तर गोळी सुटता कामा नये’ असा आहे.

1 ऑक्टोबर 2024 रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या बाबतीत घडलेल्या अपघाताने हा दुसरा अर्थ समोर आणला. पहाटे प्रवासाला निघण्यापूर्वी परवानाप्राप्त रिव्हॉल्व्हर ठेवत असताना ते हातातून निसटले आणि सुटलेली गोळी त्यांच्या पायाला लागली, असे तेव्हा सांगण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर ते बरे झाले.

जुन्या रचनेच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग, मिटलेल्या स्थितीत थेट काडतुसाच्या बुडाशी टेकतो. शस्त्र घोड्यावर आपटले तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. आधुनिक रचनांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर असतो आणि चाप पूर्ण ओढल्यावरच तो बाजूला होतो. शस्त्र घेताना असा अडसर आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारला पाहिजे. नसल्यास घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. पिस्तुलाबाबत, सुरक्षा खटका घट्ट बसतो का आणि कपड्याला घासून आपोआप सरकतो का, हे पाहावे. घरी ठेवताना शस्त्र आधी रिकामे करावे आणि काडतुसे वेगळी ठेवावीत.

झाकलेले आणि ताब्यात

शस्त्र लपवून बाळगणे ही खासगी आवड आहे, असा समज आहे. वास्तविक 2016 च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तत्सम पिशवीत, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे. ते बाळगणाऱ्याच्या प्रभावी ताब्यातही असले पाहिजे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उगारणे किंवा लग्नसमारंभात हवेत गोळीबार करणे निषिद्ध आहे. आनंदाच्या गोळीबाराने इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शैक्षणिक संस्थांचे आवार येथे शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटीच मनाई करतात. महाविद्यालयातून मुलांना आणायला जाणाऱ्या पालकालाही ही अट लागू आहे.

‘प्रभावी ताबा’ या दोन शब्दांत निवडीचे निकषही दडलेले आहेत. होल्स्टरने चाप पूर्ण झाकला पाहिजे. नुसत्या खिशात टाकलेल्या पिस्तुलाच्या चापात किल्ली किंवा रुमालाचे टोकही अडकू शकते. हातपिशवीत शस्त्र ठेवायचे असेल तर त्या कप्प्यात दुसरे काहीही असू नये. आणि पिशवी खुर्चीला अडकवून उठून गेल्यावर ताबा उरत नाही.

हा ताबा सुटल्यावर काय होते, हे महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये पाहिले. दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्या हत्येत वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावे परवानाप्राप्त असल्याचे पोलिसांनी सांगितले होते. एकाच्या गरजेसाठी दिलेले शस्त्र दुसऱ्याच्या हाती पडले, तर परवाना देताना झालेल्या साऱ्या पडताळणीला अर्थ राहत नाही.

दुकानातली तपासणी आणि सराव

भारतात बहुतेक खरेदीदारांना शस्त्र घेण्याआधी चालवून पाहता येत नाही. परवान्यावर एकाच वेळी आणि वर्षभरात घेता येणाऱ्या काडतुसांची मर्यादाही नोंदलेली असते. त्यामुळे दुकानातली तपासणी नीट करावी लागते. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून, विक्रेत्याच्या परवानगीने चाप ओढून पाहावा. तो एका बोटाने, मूठ न हलता ओढता आला पाहिजे. पिस्तुलाची वरची सरकपट्टी स्वतःच्या ताकदीने मागे खेचता येते का, हे वयस्क खरेदीदारांनी विशेष पाहावे. शस्त्रावरील क्रमांक आणि कागदपत्रांतील क्रमांक जुळवावेत. मॅगझिनच्या कडा वाकलेल्या नाहीत ना, सुटे मॅगझिन मिळेल का, दुरुस्ती कुठे होईल, हेही विचारावे. काडतुसांच्या खोक्यावरील उत्पादनवर्ष पाहावे आणि रोज खिशात राहणारी काडतुसे ठरावीक काळाने सरावात वापरून बदलावीत.

खरी परीक्षा मात्र नेमबाजी केंद्रावर होते. चंदीगडमध्ये पटियाला की राव परिसरात असे केंद्र आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये पिस्तूल प्रकारात पदके मिळवणारे मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी शिक्षण घेतलेले डीएव्ही महाविद्यालयही याच शहरात आहे. खेळातले पिस्तूल आणि स्वसंरक्षणाचे पिस्तूल यांत पुष्कळ अंतर आहे, पण नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवणे आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे हे धडे दोन्हीकडे सारखे आहेत.

शस्त्र वापरल्यानंतरची परीक्षा कायद्याची असते. भारतीय न्याय संहितेने खासगी संरक्षणाचा हक्क मान्य केला आहे, पण आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाही. सरकारी यंत्रणेचे संरक्षण मिळवण्याइतका वेळ हाताशी असेल तर तो हक्कच उरत नाही. पळून जाणाऱ्या चोरावर किंवा गाडी घासल्यावरून झालेल्या वादात झाडलेली गोळी संरक्षण ठरण्याची शक्यता फार कमी. परवाना दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जातो. ज्या धोक्यासाठी शस्त्र घेतले तो अजून आहे का आणि मागील वर्षभरात सरावाला किती वेळा गेलो, याची उत्तरे परवानाधारकाने त्या तारखेआधीच स्वतःला देऊन ठेवावीत.