हुकर जायबंदी, बोलावणे फ्लाय-हाफला : दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघनिवडीचा वाद

सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्स येथे रग्बी विश्वचषक स्पर्धा सुरू असताना दक्षिण आफ्रिकेचा हुकर माल्कम मार्क्स याच्या गुडघ्याला सरावादरम्यान दुखापत झाली आणि तो स्पर्धेबाहेर गेला. त्याच्या जागी दुसरा हुकर येणार, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. प्रत्यक्षात बोलावणे गेले ते हान्द्रे पोलार्ड या फ्लाय-हाफला. यष्टिरक्षक जायबंदी झाल्यावर सलामीचा फलंदाज मागवावा, तसाच हा प्रकार होता. दक्षिण आफ्रिकेतील रग्बीप्रेमींमध्ये त्यावरून जो वाद पेटला, तो विश्वचषक जिंकल्यानंतरही पुरता विझलेला नाही.

हा वाद समजून घेण्यासाठी दोन्ही जागांचे काम माहीत असणे आवश्यक आहे. रग्बीच्या पंधरा खेळाडूंपैकी आठ आघाडीचे व सात पिछाडीचे असतात. दोन्ही संघांचे आठ-आठ आघाडीचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात, त्यास स्क्रम म्हणतात. हुकर हा स्क्रमच्या पहिल्या फळीत मधोमध उभा राहतो आणि चेंडू पायाने आपल्या बाजूस ओढतो. चेंडू मैदानाच्या बाजूरेषेबाहेर गेल्यास लाईन-आउटमध्ये तो अचूक फेकण्याची जबाबदारीही बहुधा त्याचीच. स्क्रममध्ये मानेवर येणारा भार पाहता हे काम कोणासही सोपविता येत नाही. फ्लाय-हाफ हा पिछाडीचा सूत्रधार. चढाईची दिशा तो ठरवितो आणि बहुतेक संघांत गोलखांबांमधून चेंडू मारून गुण मिळविण्याचे कामही त्याच्याकडेच असते.

मार्क्स गेल्यानंतर संघात बोंगी म्बोनांबी हा एकच खराखुरा हुकर उरला. डिऑन फूरी हा सदतिशीच्या उंबरठ्यावरील खेळाडू पूर्वी हुकर म्हणून खेळला होता, परंतु आता तो प्रामुख्याने फ्लँकर होता. म्हणूनच अनेक चाहत्यांचा प्रश्न रोकडा होता : ऐन अंतिम सामन्यात म्बोनांबीला काही झाले तर?

दुसऱ्या बाजूचे चाहते मानी लिबॉककडे बोट दाखवीत होते. पायांत चपळाई आणि पासमध्ये कल्पकता असलेला हा फ्लाय-हाफ चाहत्यांचा लाडका खरा, परंतु त्याच्या किकचा भरवसा नव्हता. पोलार्ड पोटरीच्या दुखापतीमुळे मूळ ३३ जणांच्या संघाबाहेर राहिला होता. तो बरा होताच त्याला आणणे अटळ आहे, असे या गटाचे म्हणणे होते. त्याला बोलावल्यानंतर काही दिवसांनीच, २३ सप्टेंबर रोजी, आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेस १३-८ असे हरविले. त्या सामन्यात चुकलेल्या किकमुळे दक्षिण आफ्रिकेने तब्बल ११ गुण गमावले होते.

पुढे जे घडले, त्याने दोन्ही गटांना खरे ठरविले. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध लिबॉकला ३१ व्या मिनिटालाच बाहेर काढून पोलार्डला उतरविण्यात आले आणि अखेरच्या मिनिटांत त्याच्याच पेनल्टी किकमुळे सामना १६-१५ असा जिंकता आला. २८ ऑक्टोबर रोजी पॅरिसमध्ये झालेल्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्धचे सर्व १२ गुण पोलार्डचे होते. मात्र त्याच सामन्याच्या तिसऱ्या मिनिटास म्बोनांबी जायबंदी होऊन बाहेर गेला. ज्याची भीती होती, नेमके तेच घडले. फूरीने उरलेला जवळजवळ संपूर्ण सामना हुकर म्हणून खेळून काढला. त्याची झुंज वाखाणण्याजोगी होती, पण लाईन-आउटमध्ये संघाची वारंवार तारांबळ उडाली. न्यूझीलंडच्या बोडेन बॅरेटने ट्राय केल्यानंतरची किक रिची मोउंगाला साधली नाही, नंतर जॉर्डी बॅरेटची लांबवरची पेनल्टीही हुकली. निकाल १२-११. यांपैकी एक जरी किक खांबांमधून गेली असती, तरी आज दुसऱ्याच गटाचे चाहते शहाणे ठरले असते.

त्यातच प्रशिक्षक जॅक नीनाबर यांनी या सामन्यासाठी आठ राखीव खेळाडूंत सात आघाडीचे आणि केवळ एक पिछाडीचा अशी रचना केली होती. उत्तरार्धात ताज्या दमाचे सात धिप्पाड गडी उतरवून प्रतिस्पर्ध्याला दमविणे, हा त्यामागील हिशेब. पिछाडीचे दोघे जायबंदी झाले असते तर काय, याला मात्र उत्तर नव्हते. पोलार्डला पर्यायी फ्लाय-हाफ राखीव खेळाडूंत नव्हता.

या वादाच्या मुळाशी आणखी एक जुना प्रश्न आहे. पोलार्ड त्या वेळी इंग्लंडच्या लेस्टर क्लबकडून खेळत होता, तर स्क्रम-हाफ फाफ डी क्लर्क जपानमध्ये. पौंड, युरो व येनच्या तुलनेत रँड दुबळा असल्याने उत्तम खेळाडू परदेशी जातात. हा ओघ रोखण्यासाठी २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेने नियम केला, की परदेशी खेळणाऱ्यास किमान ३० कसोटी सामन्यांचा अनुभव असल्याशिवाय निवडले जाणार नाही. खेळाडू जातच राहिले, संघ मात्र दुबळा झाला, आणि २०१९ च्या विश्वचषकापूर्वी ही अट काढून टाकण्यात आली. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडविरुद्ध ट्राय करणारा चेस्लिन कोल्बे फ्रान्समधील तुलूझचा खेळाडू होता.

विश्वचषक मिळाला, परंतु ज्याचा जीव स्थानिक क्लबात गुंतला आहे त्या चाहत्याची तक्रार राहिलीच. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली करी चषक स्पर्धा बड्या खेळाडूंविना खेळली जाते आणि गावच्या मैदानावर पाहिलेला मुलगा पुढे केवळ दूरचित्रवाणीवर दिसतो. ही तक्रार भाबडी म्हणून सोडून देता येणार नाही, कारण नवे खेळाडू घडतात ते याच मैदानांवर.

न्यूझीलंडने नेमका उलट मार्ग पत्करला आहे. देशाच्या रग्बी संघटनेशी करार असलेल्यांनाच तेथे राष्ट्रीय संघात स्थान मिळते. २०२३ च्या अंतिम सामन्यानंतर मोउंगा जपानला गेला. २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षे त्याच्या क्लबने तेथील लीग जिंकली. त्या काळात न्यूझीलंडच्या निवडकर्त्यांना मात्र त्याचा विचारही करता येत नव्हता, आणि तेथील चाहतेही याच प्रश्नावर दुभंगले होते.